काचेच्या टेबलावरचं हळकुंड

बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हिरी कुसगावच्या एका रिसॉर्टमध्ये चौदा नंबरच्या खोलीत पलंग लावत होती. पाहुणे पहाटेच मुंबईला निघून गेले होते. मागं ओले टॉवेल, अर्धा पिझ्झा आणि उघडा राहिलेला गीझर. तिनं गीझर बंद केला, जुनी चादर काढली आणि नवी एकदाच झटकली. चादर हवेत फुगली. ती खाली टेकेपर्यंत पायाकडचे दोन्ही कोपरे गादीखाली गेले होते.

घरकामाच्या बायकांवर देखरेख करणारी तेजल दारात आली. "मावशी, अकराला निघायचंय ना? ह्या ओळीतल्या चार उरका आणि जा. आणि साडी बदलून जा, हा युनिफॉर्म नको. वकिलाला वाटायचं साफसफाईला आलीय."

"वाटू दे. टेबल तरी पुसून दीन."

तेजल हसली आणि गेली. हिरीनं उशीचा अभ्रा चढवता चढवता कमरेशी हात नेला. साडीच्या कनवटीला बांधलेलं हळकुंड जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिच्या वाडीत हर्षदाची हळद फोडायची होती. हर्षदा ही वाडीतल्या म्हाताऱ्या चांगुणाची नात. उखळात हळद कुटताना जे गाणं म्हणतात, ते वाडीत हिरीकडं होतं. तरी उद्या तिनं तिथं गायचं की नाही, हे दुपारी लोणावळ्यात एका हॉटेलच्या खोलीत, मुंबईहून येणाऱ्या वकिलासमोर ठरणार होतं.

हिरीची वाडी कुरवंड्याच्या वरच्या अंगाला आहे. मागं नागफणीचा सुळका, खाली दरी. पन्नाशीची ही बाई लग्न होऊन इथं आली तेव्हा डोंगरावर बंगले नव्हते. ते बांधले जाऊ लागले तेव्हा तिनं आणि तिचा नवरा कोंडाजी यानं विटा वाहिल्या. बंगले पुरे झाल्यावर कोंडाजी भाताच्या मजुरीला परत गेला आणि हिरी खोल्या आवरायला लागली. मुलगा किरण पर्यटकांना जीपमधून फिरवतो. एवढंच सांगितलं तर ही बाई मावळातल्या शेकडो बायांसारखी आहे. वेगळं आहे ते तिच्याकडचं गाणं, आणि ते ज्या रीतीनं तिच्याकडं आलं ती रीत.

वाडीत हे गाणं एका वेळी एकीकडंच असतं. बाकीच्या मागून झील धरतात. गाणारी बाई उखळाजवळ बसते, पहिलं हळकुंड पुढ्यात ठेवते, त्यावर उजवा हात ठेवते आणि गाण्याआधी नावं घेते. गाणं आपल्याला कुणी दिलं, तिला कुणी दिलं, तिच्या आधी कुणी, असं मागं मागं. वाडीत याला नावं उचलणं म्हणतात. नावं उचलून झाली की मुसळाचा पहिला घाव. ज्या हळकुंडावर नावं उचलली, त्याची हळद त्याच लग्नात नवरीच्या अंगाला लागली पाहिजे. नाही लागली, तर उचललेल्या बाया परत जाऊ शकत नाहीत, अधांतरी राहतात, असं वाडी मानते.

हिरी वाडीत आली त्या वर्षी तिनं ही नावं पहिल्यांदा ऐकली. उचलणारी चांगुणा होती. तेव्हा तिचा आवाज दरीपलीकडं जायचा. नावांमागून नावं आली आणि त्यातली बहुतेक मेलेल्या बायांची आहेत हे नव्या सुनेच्या ध्यानात आलं, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. तिला वाटलं, मांडव भरत चाललाय. एकेक जण येऊन बसतेय आणि आपण सरकून जागा करून द्यायला हवी. ती खरोखरच सरकली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "बस. त्यांना जागा लागत न्हाई."

पुढं बऱ्याच वर्षांनी, दम लागायला लागल्यावर, चांगुणानं एका हळदीला नावं उचलली आणि आपला हात हळकुंडावरून काढून तिथं हिरीचा हात ठेवला. गाणं दिलं गेलं. त्या दिवसापासून चांगुणा पुढं गायली नाही. ती झील धरू लागली. आणि तिचं नाव साखळीत गेलं. देणारीचं नाव जातं. घेणारीचं नाही. हिरी हे गाणं कुणाला देईल तेव्हाच तिचं नाव त्यात येणार, तोवर स्वतःच्या गाण्यात तिला नाव नाही.

तीन वर्षांपूर्वी किरण तिला कुसगावातल्या सनीच्या स्टुडिओत घेऊन गेला. हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली, भिंतींना काळा फोम, मधोमध माइक. सनी भजनी मंडळांची गाणी घेतो, बारशाची घेतो, आणि गावोगावच्या भाऊंच्या वाढदिवसाची गाणी तर चाल तीच ठेवून फक्त नाव बदलून देतो. मुंबईतल्या एका कंपनीला जुनी गाणी हवी होती आणि सनी ती गोळा करून पाठवत होता.

हिरीनं माइकसमोर उभं राहून विचारलं, "नावं उचलू का?"

"नावं नंतर लिहून टाकू, मावशी. आधी गाणं घेऊ."

तिलाही ते बरंच वाटलं. इथं उखळ नाही, नवरी नाही, कुणाची हळद फुटणार नाही. अशा जागी नावं उचलली तर ती टेकवायची कुठं? म्हणून ती थेट गायली. हे गाणं नावांशिवाय आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघालं होतं. रीत मोडू नये म्हणून तिनं नावं गाळली आणि नेमकी तीच चूक ठरली.

मग सनीनं कंपनीचा करार काढला. इंग्रजी, बारीक अक्षरातला. "गाणं कुठल्या पिक्चरमधलं उचललेलं नाही ना?"

"न्हाई."

"कॅसेटवरचं? दुसऱ्या कुठल्या गायकाचं?"

"न्हाई बाबा."

सनीनं 'गायिकेची स्वतःची मूळ रचना' या चौकटीत खूण केली. त्याच्या हिशेबी दुसरी चौकट लागूच होत नव्हती. साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरांत हिरीनं पानापानावर सही केली. तिला मोबदला मिळाला. तो ठरला तेवढाच होता आणि त्याबद्दल तिची आजही तक्रार नाही.

वर्षभरानं एका सकाळी ती रिसॉर्टच्या जेवणघरात फरशी पुसत होती आणि छतातल्या स्पीकरमधून कुणीतरी गायला लागलं. खाली यंत्राचा ठोका, वर बासरी, आणि मधोमध तिचा स्वतःचा आवाज. ती फडकं हातात धरून उभी राहिली. तिचा आवाज तिच्या आधी कामावर आला होता. पाहुणे उपमा खात होते. एका लहान मुलीनं ठोक्यावर मान हलवली. हिरीला भीती वाटली नाही, आनंद झाला असंही म्हणता येणार नाही. आपल्यातलं काहीतरी निघून इतक्या लांब जाऊन परत येऊ शकतं याचं नवल मात्र इतकं वाटलं, की गाणं संपेपर्यंत तिनं बादलीकडं पाहिलं नाही.

घोटाळा झाला गेल्या मे महिन्यात, वाडीतल्या करिष्माच्या लग्नात. हिरीनं नावं उचलली, गाणं म्हटलं, चांगुणानं झील धरली. किरणनं सगळं फोनवर घेतलं आणि रात्रीच इंटरनेटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी वाडी ते बघायला जमली. चित्र हलत होतं. मुसळ वर जात होतं, खाली येत होतं. हिरीचं तोंड उघडत होतं, चांगुणाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

चांगुणानं फोन कानाला लावून पाहिला. "माजा आवाज कुटं गेला?"

किरणनं खालची ओळ वाचली. या गाण्याच्या शब्दांवर आणि चालीवर अमुक कंपनीचा हक्क आहे, म्हणून आवाज बंद केला आहे.

"कंपनीला कुनी दिला?"

सगळे हिरीकडं बघत होते.

त्यानंतर वाडीत दोन हळदी फुटल्या. दोन्ही वेळा हिरीला बोलावणं आलं नाही. हळद मुकाट्यानं कुटली गेली, नुसता मुसळाचा आवाज. हिरी आपल्या दारात बसून तो मोजल्यासारखा ऐकत राहिली. चांगुणानं भांडण काढलं नाही. पाण्यावर भेट झाली तेव्हा तिनं एकच सांगितलं, "गानं परत आन. मंग हळकुंडावर हात ठेव."

कुणाकडून परत आणायचं हेच हिरीला ठाऊक नव्हतं. तेजलनं तिला आपल्या गावच्या प्रेरणाकडं पाठवलं.

प्रेरणा वडिवळ्याच्या हौशीराम नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. वडगावच्या तालुका कोर्टात वकिली करते. तिच्याकडं येतात ते सातबाऱ्याचे, बांधाचे, न वटलेल्या चेकचे तंटे. गाण्याचा करार तिनं कधी हातात धरला नव्हता, आणि तसं तिनं सरळ सांगितलं. मग पुण्यातल्या एका जुन्या सरांना विचारून, कायद्याचं पुस्तक घेऊन ती दोन रविवार त्या कागदापाशी बसली. तिसऱ्या रविवारी तिनं तो हिरीला मराठीत समजावून दिला.

"यात लिहिलंय मावशी, की गाण्याचे सगळे हक्क कंपनीचे. संपूर्ण विश्वात."

"म्हंजी कुटवर?"

"सगळीकडं. पृथ्वीच्या बाहेरसुद्धा."

"चांदोबावर पन?"

"व्हय. तिथं कुणी वाजवलं तरी."

हिरीनं खिडकीतून वर पाहिलं. "तितं कुनाची हळद फुटतीया?"

प्रेरणाला हसू आलं, पण हिरी हसत नव्हती. तिला तो आवाका खरोखर पेलत नव्हता. पुढं प्रेरणानं सांगितलं, की गाणं रचणाऱ्याचा हक्क तो मेल्यानंतरही साठ वर्षं चालतो. तेव्हा हिरीनं तो कागद हातात घेऊन उलटा करून पाहिला.

"म्हंजी कागदालाबी मेलेली मानसं ठावं असत्यात," ती म्हणाली.

प्रेरणानं गुंता सोडवून सांगितला तो असा. त्या दिवशी स्टुडिओत घेतलेला आवाज कंपनीनं पैसे मोजून घेतला, तो कंपनीकडंच राहणार. लग्नाच्या मांडवात गायला कायद्याची आडकाठी नाहीच. पण करारात एक कलम आहे, की हिरी हे गाणं दुसऱ्या कुठल्याही ध्वनिमुद्रणासाठी गाणार नाही. आज मांडवात प्रत्येकाच्या हातात फोन असतो. आणि शब्द आणि चाल कंपनीनं आपल्या नावावर घातली आहे ती एका खुणेच्या आधारावर, गाणं हिरीनं रचलं या खुणेच्या. हिरीनं ते रचलं असेल तर कंपनी बरोबर आहे. रचलं नसेल, तर जे तिचं नव्हतंच ते ती देऊच शकत नव्हती.

"मी कशाला रचीन? मला दिलंय."

"तेच त्यांना पटवायचंय," प्रेरणा म्हणाली, आणि कंपनीला पत्र गेलं.

कंपनीचे वकील साठीच्या घरातले, सौम्य बोलणारे गृहस्थ निघाले. बुधवारी बारा वाजता ते लोणावळ्याच्या त्या हॉटेलच्या मीटिंगच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. काचेचं लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बाहेर स्टेशनावरची घोषणा. सनीही आला होता आणि खुर्चीच्या कडेवर बसला होता. हिरीनं हिरवी नऊवारी नेसली होती. टेबलाला हात लावण्याआधी तिनं पदरानं तो भाग पुसला, सवयीनं.

"हिराबाई," वकील म्हणाले, कागदावर तसं नाव होतं, "मी भांडायला आलेलो नाही. वाडीचा आवाज बंद झाला हे व्हायला नको होतं. ते यंत्र आपोआप करतं. मी एक मार्ग घेऊन आलोय."

मार्ग चांगला होता. प्रेरणानंही पुढं ते मान्य केलं. गीतकार आणि संगीतकार म्हणून हिरीचंच नाव राहील, जिथं जिथं गाणं वाजेल तिथं. रचनाकाराचा वाटा तिला आणि तिच्यामागं तिच्या मुलांना मिळत राहील. आणि वाडीला हे गाणं गायची, चित्रित करायची परवानगी कंपनी लेखी देईल. विनामूल्य.

सनी पुढं झुकला. "मावशी, गीतकार म्हणून नाव येईल. लोक सही मागत मागं लागतील."

"सही तुज्या कागदावर केलती, तेवडी पुरं झाली."

वकिलांना हसू आवरलं नाही. हिरीनं त्यांना विचारलं, "परवानगी म्हंजी आमच्या हळदीला कंपनीची परवानगी?"

"कागदापुरती. आम्ही देणारच आहोत."

"आन् पुढं कवा न्हाई दिली तर?"

वकिलांनी लॅपटॉपवरून नजर उचलली. "तर नाही मिळणार," ते म्हणाले. हे त्यांनी लपवलं नाही.

हिरीनं प्रेरणाकडं पाहिलं. प्रेरणा म्हणाली, "मावशी, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. हो म्हटलंत तर नाव तुमचं. नाही म्हटलंत तर तुम्ही फक्त गाणाऱ्या."

"मी गानारीच हाय."

वकिलांनी मान हलवली. मग त्यांनी कामाचा प्रश्न विचारला, या धंद्यात रोज विचारावा लागणारा. "ठीक आहे. पण कंपनीला मी नुसतं 'पारंपरिक' असं सांगितलं तर चालणार नाही. तसं कुणीही म्हणतं. गाणं कुणाकडून कुणाकडं आलं ते मला दाखवावं लागतं. आम्ही त्याला हक्कांची साखळी म्हणतो. पहिल्यापासून आजपर्यंत, मधली कडी न तुटता. असं काही आहे का तुमच्याकडं?"

हिरी त्यांच्याकडं बघत राहिली. वाडीबाहेरच्या माणसानं, चष्मा लावलेल्या, मुंबईहून आलेल्या माणसानं तिला हे विचारलं होतं. सनीनं विचारलं नव्हतं, कागदानं विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, हा प्रश्न फक्त उखळाभोवती बसणाऱ्यांनाच पडतो. आणि इथं काचेच्या टेबलापलीकडं एक माणूस पोट भरण्यासाठी हाच प्रश्न विचारत हिंडत होता.

"ह्ये आदी इचारायचं असतं," ती हळूच म्हणाली.

तिचा हात कनवटीला गेला आणि थांबला. मांडव नव्हता. उखळ नव्हतं. इथं नावं उचलली तर या हळकुंडाची हळद उद्या हर्षदाच्या अंगाला लागायलाच हवी. आणि लागू द्यायची की नाही ते चांगुणाच्या हातात होतं. तिनं नाही म्हटलं, तर सगळ्या बाया उचललेल्या राहणार, आणि त्याचं ओझं हिरीवर.

"इचारनारं मानूस हाय," ती स्वतःशीच म्हणाली. गाठ सोडून तिनं हळकुंड काचेवर ठेवलं. त्याचा बारीकसा आवाज झाला. तिनं त्यावर उजवा हात ठेवला.

"सगळ्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करतेय," प्रेरणा म्हणाली आणि फोन मधोमध सरकवला.

"चांगुणाचं गानं," हिरीनं सुरुवात केली. ती गात नव्हती, बोलतही नव्हती. दळताना बायांचा आवाज असतो तसा तो एकाच उंचीवर चालला होता. "चांगुणाला दिलं पोसाबाईनं, कुरवंड्याच्या. पोसाबाईला दिलं तिच्या सासूनं, बुधीनं. बुधीला दिसत नव्हतं, ती बोटानं हळद वळखायची. बुधीला दिलं मंगळीनं. मंगळीला दिलं ठकीनं, ठकी धरनाच्या पान्यात घर गेलेली, हितं येऊन ऱ्हायलेली..."

वकील टाइप करत होते. नाव, गाव, कुणाकडून. काही नावांनंतर त्यांची बोटं मागं पडू लागली, आणि मग थांबली. सनी खुर्चीत मागं टेकून बसला होता. त्यानं हे गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं, कापलं होतं, त्याखाली ठोका घातला होता. त्याच्या आधी हे सगळं आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

"...गोदीला दिलं आंबीनं. घाटात रेल्वेचं बोगदं फोडत व्हते तवाची आंबी. सुरुंग उडला की हळद थांबवायची, धूर बसला की परत धरायची. आंबीला दिलं काळूनं. काळूला दिलं राहीनं. राही घाटाखालनं आली, एकटी. राहीला कुनी दिलं ते राहीनं सांगितलं न्हाई. तितं आमी हात जोडतो."

तिनं डावा हात उचलून उजव्यावर ठेवला आणि मान लववली. प्रेरणानं हात जोडले. वडिवळ्यात आपल्या घरी आजोबांच्या मागं कुणाचं नाव सांगता येत नाही हे तिच्या मनात आलं, आणि खोली एकदम माणसांनी भरल्यासारखी झाली. नंतर तिनं सांगितलं, की तिनं खुर्ची जरा मागं घेतली होती. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

वकिलांनीही हात जोडले होते. स्टेशनात एक गाडी आली आणि सुटली.

"तुमचं नाव कुठं लिहायचं?" हात परत लॅपटॉपवर नेत त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"माजं न्हाई येत. मी कुनाला दिलं म्हंजी येल."

त्यांनी पडद्यावरच्या नावांवरून नजर वरपासून खालपर्यंत नेली आणि पुन्हा वर आणली. "आमच्याकडं बऱ्याच गाण्यांची साखळी दुसऱ्या माणसापाशीच तुटते," ते म्हणाले. "मी तीस-एक वर्षं हेच काम करतोय. राहीच्या काळात हा कायदा तर सोडाच, आवाज साठवायचं यंत्रसुद्धा नव्हतं."

मग काम झालं, आणि ते कामासारखंच झालं. शब्द आणि चाल यांवरचा दावा कंपनी सोडणार. त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण कंपनीकडं राहणार, गायिका म्हणून हिरीचा वाटा चालू. दुसरीकडं गाण्याची बंदी रद्द. रचनाकाराच्या जागी 'पारंपरिक', आणि त्याखाली चांगुणापासून राहीपर्यंतची नावं, याच क्रमानं. लिहायची राहिलेली नावं वकिलांनी प्रेरणाच्या फोनवरून ऐकून घेतली. एवढी नावं त्या रकान्यात मावतील का, असं सनीनं विचारलं. वकिलांनी मुंबईला फोन लावला, आवाजबंदी त्याच दिवशी उठवायला सांगितली, आणि रकाना वाढवायलाही सांगितलं. प्रेरणानं मसुदा ओळीओळीनं वाचून दाखवला. 'संपूर्ण विश्वात' हे शब्द ध्वनिमुद्रणापुरते राहिले.

"ऱ्हाऊ द्या," हिरी म्हणाली. "आवाज जाऊ दे फिरायला."

हळकुंड परत कनवटीला बांधताना मात्र तिनं गाठ दोनदा आवळली. कागद जिंकला होता. उचललेली नावं अजून टेकायची होती.

ती वाडीवर पोहोचली तेव्हा उन्हं नागफणीवरून उतरत होती. चांगुणा अंगणात सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुपात उद्याची हळकुंडं होती आणि ती त्यातली किडकी बाजूला काढत होती. हिरी समोर बसली.

"गेलतीस व्हय?"

"गेलते. कंपनीनं सोडलं. शब्द, चाल, समदं."

चांगुणानं मान वर केली नाही. "तसंच सोडलं?"

"नावं उचलली."

सूप थांबलं. "कुटं?"

"लोनावळ्यात. काचंच्या टेबलावर."

"मांडव?"

"न्हवता."

चांगुणाच्या छातीत घरघर होत होती. हिरीनं कनवटीची गाठ सोडली आणि हळकुंड तळहातावर धरलं, पुढं न करता.

"कुनी ऐकलं?"

"तिगांनी. एकानं लिवून घेतलं. त्यानंच इचारलं, गानं कुनाकडनं कुनाकडं आलं."

"त्यानं इचारलं?" चांगुणानं आता तिच्याकडं पाहिलं. "हिकडचा हाय का त्यो?"

"न्हाई. मंबईचा. वकील."

"आन् राहीपाशी?"

"हात जोडले. त्यानंबी जोडले. कुनी सांगितलं न्हवतं."

म्हातारीनं हिरीच्या तळहातावरचं हळकुंड उचललं, उजेडाकडं धरून किडकं नाही ना ते पाहिलं, आणि सुपातल्या हळकुंडांवर, सगळ्यांत वर, ठेवलं.

"ह्ये पयलं," ती म्हणाली.

तेवढ्यात किरण जीप लावून आला. त्यानं फोन पुढं केला. मे महिन्यातल्या त्या हळदीत मुसळ वर गेलं, खाली आलं, आणि या वेळी ते वाजलं. मागून झील धरणारा चांगुणाचा आवाज आला, खरखरीत, दमलेला. चांगुणानं तो शेवटपर्यंत ऐकला.

"लय म्हातारा झालाय," ती म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.

उद्या गुरुवार. हिरीची रजा मंजूर आहे. चौदा नंबरची ओळ तेजलनं दुसऱ्या बाईच्या नावावर लावली आहे. हर्षदाची हळद सकाळी साडेआठला फुटणार आहे, चांगुणाच्या अंगणात, आणि किरणला जीपचं भाडं असल्यानं फोन धरायचं काम कोंडाजीकडं आहे.